सहल परदेशाची, विसर चावणीचा

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांना सहलीचे वेध लागतात. एके काळी या सहलीचे स्वरूप ठरलेले असे. एस.टी.ची लाल गाडी, घरून बांधून आणलेले पोळीभाजीचे डबे, रायगड किंवा प्रतापगड, वाटेत एखादे देवस्थान आणि रात्री उशिरा पेंगुळलेल्या मुलांना घेऊन गाडी गावात परत. गेल्या पंधरा-वीस वर्षांत हे चित्र झपाट्याने पालटले आहे. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध, लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग यांच्या कुशीत असलेल्या कर्जत आणि खालापूर या तालुक्यांत भाताच्या खाचरांवर गृहसंकुले उभी राहिली, त्यांच्या मागोमाग चकचकीत शाळा आल्या, आणि सहलीच्या सूचनापत्रात रायगडाच्या जागी रोम, पॅरिस आणि लंडन ही नावे येऊ लागली. मथळा मात्र तोच: ‘ऐतिहासिक अभ्यास सहल’.

या अभ्यासाचे स्वरूप काय असते? आठ-दहा दिवसांत चार-पाच देश. सकाळी कोलोसियमसमोर छायाचित्र, दुसऱ्या दिवशी पिसाचा कललेला मनोरा हाताने सावरून धरल्याचा आविर्भाव करून दुसरे छायाचित्र, मग पॅरिसचा आयफेल मनोरा आणि लंडनच्या राजवाड्यासमोर पहारेकऱ्यांची अदलाबदल. संध्याकाळी बाजारहाट, रात्री भारतीय जेवण. ही सहल आखते कोण? प्रवास कंपनी. अमुक विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक विनामूल्य, ही तिची आकर्षक सवलत. ज्या इतिहास शिक्षकाने काय पाहायचे, का पाहायचे आणि पाहण्यापूर्वी काय वाचायचे हे ठरवायला हवे, त्याला बहुधा सर्वांत शेवटी विचारले जाते, आणि तेही मुले मोजण्याच्या कामासाठी. लाखांच्या घरातील रक्कम भरताना पालक विमानाची वेळ विचारतात, हॉटेल किती तारांकित ते विचारतात. मुलगा तेथे कोणता इतिहास शिकणार, हा प्रश्न पालकसभेत उपस्थित झालाच तर इतर पालक घड्याळाकडे पाहू लागतात.

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. परदेशगमनाला विरोध हा या विवेचनाचा हेतू नाही. तसा विरोध राष्ट्रीय विचाराच्या माणसाला शोभणाराही नाही. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो या समजुतीने या समाजाचे जेवढे नुकसान केले, तेवढे थोड्याच शत्रूंनी केले असेल. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी हिंदू समाजाच्या पायांतील ज्या सात स्वदेशी बेड्या तोडण्याची हाक दिली, त्यांत सिंधुबंदी होती. स्वामी विवेकानंद १८९३ मध्ये शिकागोला गेले नसते तर काय गमावले असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. मुलांनी जग पाहिलेच पाहिजे. प्रश्न एवढाच आहे की ते पाहताना त्यांच्या डोळ्यांवर चष्मा कुणाचा असेल, आणि जग पाहायला निघालेल्या या मुलाने आपल्या घराचा उंबरा तरी पाहिला आहे काय?

उंबऱ्यावरून उंबरखिंड आठवणे अपरिहार्य आहे. खोपोलीहून पालीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत २०१३ मध्ये एक भव्य मनोरंजन उद्यान सुरू झाले. सहलींच्या हंगामात मुंबई-पुण्याकडील शाळांच्या गाड्या तेथे रांगेने उभ्या असतात. त्याच रस्त्याने आणखी थोडे पुढे जाऊन आत वळले की अंबा नदीच्या काठी चावणी गाव लागते. हीच ती उंबरखिंडीची समरभूमी. त्या गाड्यांपैकी किती गाड्या हे थोडे पुढे जातात? चावणीच्या ग्रामस्थांना विचारावे. उत्तरासाठी आकडेवारी लागणार नाही.

१६६० च्या मे महिन्यात शाइस्ताखान पुण्यात ठाण मांडून बसला. चाकणचा छोटासा भुईकोट घेताना त्याचे हात पोळले होते. उत्तर कोकण घ्यायचे तर घाट उतरणे भाग होते. त्याने ही कामगिरी कारतलबखान या उझबेक सरदारावर सोपवली आणि सोबत माहूरची पराक्रमी रायबागन आणि इतर मातब्बर सरदार दिले. खानाने नेहमीची बोरघाटाची वाट सोडली आणि लोहगडाच्या बाजूने येऊन कुरवंड्याचा घाट उतरण्याचा बेत केला. शिवाजी महाराजांच्या हेरांनी ही बातमी आधीच पोहोचवली होती. २ फेब्रुवारी १६६१ रोजी ती अवजड फौज, तोफा, ओझ्याची जनावरे आणि सरंजाम यांसह त्या अरुंद, निबिड अरण्यात शिरली, तेव्हा पुढची वाट महाराजांनी रोखलेली होती, मागची वाट मावळ्यांनी बंद केलेली होती आणि दोन्ही अंगांच्या झाडीत माणसे दबा धरून बसलेली होती. वर चढता येईना, खाली उतरता येईना, पाण्यावाचून जीव कासावीस. अखेर रायबागनेच खानाच्या अविचारावर बोट ठेवले आणि शरण जाण्याचा सल्ला दिला. महाराजांनी खंडणी घेतली, सामानसुमान ताब्यात घेतले आणि जीवदान मागणाऱ्या फौजेला जाऊ दिले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे.

हे युद्ध पुस्तकात वाचून कळत नाही. नदीच्या कोरड्या पात्रात उभे राहून एकदा वर सह्याद्रीच्या धारेकडे आणि एकदा खिंडीच्या तोंडाकडे पाहिले की इयत्ता पाचवीच्या मुलालाही पाच मिनिटांत उमगते की संख्येने थोडे असलेल्यांनी एवढ्या मोठ्या फौजेला कसे गुडघ्यावर आणले. भूगोल, युद्धशास्त्र, हेरगिरी, क्षमा हे सारे एका जागी. आणि रायबागन! मोगलांच्या चाकरीतील ही मराठी स्त्री तेथे का होती, हा प्रश्न चौकस मुलगी विचारल्याशिवाय राहणार नाही. त्या प्रश्नाचे उत्तर देताना शिक्षकाला स्वराज्यापूर्वीच्या समाजाची सारी दैना सांगावी लागेल: वतनासाठी, मनसबीसाठी आपलीच माणसे परक्यांच्या निशाणाखाली कशी उभी राहत, आणि ते चक्र मोडायला एक जिजाऊ व एक शिवबा का लागले. पिसाचा मनोरा कलला का, याचे उत्तर जमीन भुसभुशीत होती म्हणून, असे एका वाक्यात संपते.

बरे, परदेशच पाहायचा तर खालापूर तालुक्यातील चौक या गावातून आरंभ करावा. चौक हे सरनोबत नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. ‘प्रतिशिवाजी’ म्हणून ज्यांचा दरारा होता, ते नेताजी पुरंदरच्या तहानंतरच्या काळात दुरावले, मोगलांकडे गेले आणि महाराज आग्र्याहून निसटल्यावर औरंगजेबाच्या कैदेत पडले. १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर करण्यात आले, महंमद कुलीखान हे नाव देण्यात आले आणि त्यांना थेट काबूलकडच्या मोहिमेवर धाडण्यात आले. वर्षांमागून वर्षे गेली. अखेर दख्खनच्या मोहिमेवर पाठवलेला हा सेनानी संधी साधून रायगडी आला आणि १९ जून १६७६ रोजी महाराजांनी त्याला विधिपूर्वक स्वधर्मात परत घेतले.

चौकच्या शाळेत भिंतीवर आशियाचा नकाशा टांगून शिक्षकाने चौकपासून काबूलपर्यंत आणि काबूलपासून रायगडापर्यंत एक तांबडी रेघ ओढावी. हा परदेश प्रवास कोणत्या कंपनीच्या पत्रकात सापडेल? सावरकरांच्या सात बेड्यांत सिंधुबंदीच्या शेजारीच शुद्धिबंदीची बेडी होती. बाहेर गेलेल्याला घराचे दार कायमचे बंद करणाऱ्या समाजात, धर्ममार्तंडांची कुरकुर गृहीत धरूनही, छत्रपतींनी ते दार आपल्या हाताने उघडले. आज घरवापसीच्या चर्चा परिसंवादांतून झडतात. ज्या गावाशी या घटनेची नाळ जुळलेली आहे, त्या गावावरून द्रुतगती मार्गाने भरधाव जाणाऱ्या किती कुटुंबांना चौक हे नाव पथकर नाक्याच्या आणि उपाहारगृहाच्या पलीकडे काही सांगते?

आल्प्सच्या सहलीचे असेच एक गारूड आहे. स्वित्झर्लंडमधील युंगफ्राऊची डोंगरगाडी पाहून आलेली मुले आठवडाभर तिचेच वर्णन करतात. ती गाडी निःसंशय अद्भुत आहे आणि ती शिखराजवळच्या स्थानकापर्यंत पोहोचली १९१२ मध्ये. कर्जत तालुक्यातील नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुकगाडी त्याच्या पाच वर्षे आधी, १९०७ मध्ये सुरू झाली होती. बोरघाटातून लोहमार्ग नेला गेला तो तर १८६३ मध्ये. पळसदरीपासून खंडाळ्यापर्यंतच्या त्या चढावर हजारो मजूर पटकीने आणि तापाने मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत दगावला आणि त्याच्या पत्नीने, अॅलिसने, ते काम पुरे करून घेतले. त्या इंग्रज बाईचे नाव इतिहासात राहिले, याबद्दल तक्रार नाही. पण घाटाची वाट दाखवणारा शिंगरोबा धनगर, ज्याला बक्षीस म्हणून गोळी मिळाली असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले, त्याचे छोटेसे देऊळ खोपोलीच्या घाटात आजही आहे. मोटारचालक तेथे क्षणभर थांबून नाणे टाकतात. या कथेला कागदाचा आधार किती आणि लोकस्मृतीचा किती, याचा शोध घ्यायला नववीच्या वर्गाला लावावे. इतिहास संशोधन म्हणजे काय ते त्यांना एका दुपारी समजेल.

यावर ठरावीक उत्तर येते: ‘ही कूपमंडूक वृत्ती झाली. मुलांना जागतिक दृष्टी हवी.’ हा आक्षेप गांभीर्याने घ्यायला हवा, कारण तो घेणारे पालक वाईट नाहीत. ते आपल्या मुलांचे भलेच चिंतीत असतात. पण जागतिक दृष्टी म्हणजे तुलना करण्याची शक्ती, आणि तुलनेला दोन बाजू लागतात. कर्जतजवळच्या कोंदिवड्याच्या रानात, राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांत केव्हातरी हे चैत्यगृह कातळात खोदले गेले. कान्हाचा शिष्य बालक याने हे केले, असे सांगणारा ब्राह्मी लेख तेथे आहे. लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात उतरवणारी ती कमान पाहिली की कारागिराच्या हाताची साक्ष पटते. रोमचे कोलोसियम इसवी सन ८० मध्ये पुरे झाले. म्हणजे बालक आपली छिन्नी खाली ठेवून गेल्यानंतर बऱ्याच काळाने रोमन सम्राट त्या रंगमंडलाचे उद्घाटन करीत होता. कोंडाणे पाहिलेला मुलगा कोलोसियमसमोर उभा राहिला तर त्याच्या मनात प्रश्न उठेल: एकाच सुमाराला एका भूमीत माणसे ध्यानासाठी डोंगर कोरीत होती आणि दुसऱ्या भूमीत माणसांना माणसांशी व श्वापदांशी झुंजवण्यासाठी दगड रचले जात होते, हे कसे? कोंडाणे न पाहिलेला मुलगा फक्त ‘केवढे मोठे!’ असे म्हणेल. यांतल्या कोणत्या मुलाची दृष्टी जागतिक?

कोंडाण्याच्या चैत्यातील खांब ढासळले आहेत, पावसाळ्यात वरून धबधबा कोसळतो आणि त्या धबधब्याखाली सुट्टी साजरी करायला येणारी गर्दी लेण्याकडे पाठ करून छायाचित्रे काढते. पेठच्या किल्ल्याची, म्हणजे कोथळीगडाची, गत निराळी नाही. सुळक्याच्या पोटातून कोरून काढलेला जिना हे शिल्पशास्त्राचे नवल आहे. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात येथे शस्त्रास्त्रांचा साठा असे आणि १६८४ मध्ये मोगलांनी तो गड फितुरीच्या बळावर घेतला. ही माहिती गड चढणाऱ्या शंभरांपैकी पाच जणांना असली तरी पुष्कळ.

आता आणखी जवळचा काळ. माथेरानला १ डिसेंबर १९१२ रोजी जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजे भाई कोतवाल, वकिली शिकलेले, नाभिक समाजातील तरुण. गरीब शेतकऱ्याला सावकाराच्या दारात जावे लागू नये म्हणून धान्यकोठीची कल्पना त्यांनी राबवली, खेड्यांत शाळा काढल्या, आणि १९४२ चा पुकार झाला तेव्हा कर्जत-मुरबाडच्या रानांत ‘आझाद दस्ता’ उभा केला. घाटातील वीजकेंद्रांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि कारखान्यांना जाणारी वीज तोडायची, म्हणजे साम्राज्याच्या युद्धयंत्रणेचा श्वास कोंडायचा, हा त्यांचा डाव होता. विजेच्या तारांचे मनोरे एकामागून एक कोसळले. शेवटी फितुरी झाली. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांनी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. भाई आपल्या विचारांचे नव्हते, असे कुणी दबक्या आवाजात म्हणते तेव्हा त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे की हुतात्म्याला पक्षाचे सदस्यत्वपत्र विचारणारा राष्ट्रवाद हा राष्ट्रवादच नव्हे. १९३० मध्ये डॉक्टर हेडगेवारांनी यवतमाळला जंगल सत्याग्रह करून कारावास पत्करला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला याच जिल्ह्यातील चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी झेलणाऱ्यांत नाग्या कातकरी होता. त्या दोघांच्या मध्ये भिंत उभी करण्याचे काम इतरांवर सोपवावे.

नाग्याचे नाव निघाले म्हणून एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. कर्जत-खालापूरच्या डोंगरकुशीतल्या ठाकूर आणि कातकरी वाड्यांमधील मुले आश्रमशाळांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकतात. त्यांच्या वाडीच्या माथ्यावर गड असतो आणि शहरातून आलेल्या गिर्यारोहकांना वाट दाखवण्यापुरते त्यांचे ज्ञान उपयोगी पडते. जुलै २०२३ मध्ये इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळून ती वाडी गाडली गेली, तेव्हा कित्येक हौशी मंडळींना प्रथमच कळले की आपण जेथे चहा-पोहे घेऊन पुढे जात होतो, तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणारा एक समाज होता. एकाच तालुक्यात एक मुलगा इतिहासासाठी रोमला जातो आणि दुसरा इतिहासाच्या अंगाखांद्यावर राहूनही त्याला तो कुणी सांगत नाही. हिंदू समाजाच्या संघटनेची भाषा बोलणाऱ्यांनी या दरीकडे पाहिल्याशिवाय सहलीच्या प्रश्नावर तोंड उघडू नये. शहरी शाळेची मुले पेठच्या किल्ल्यावर गेली तर त्यांना गड दाखवायला त्या परिसरातील आश्रमशाळेची मुले असावीत, दोन्हीकडच्यांनी एका पंगतीत जेवावे. एवढ्या साध्या गोष्टीने जे साधेल, ते समरसतेवरील दहा व्याख्यानांनी साधणार नाही.

शासनयंत्रणाही निर्दोष नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्या भीषण घटनेनंतर शिक्षण खात्याने सहलींवर कठोर अटी घातल्या. समुद्र, नदी, तलाव, विहिरी, जोखमीचे डोंगर टाळा, हमीपत्रे द्या, परवानग्या घ्या. मुलांच्या जिवाची काळजी घेतलीच पाहिजे. परंतु परिणाम असा झाला की सरकारी वा अनुदानित मराठी शाळेतील मुख्याध्यापकाला विद्यार्थ्यांना गडावर नेण्यापेक्षा मनोरंजन उद्यानात नेणे सोयीचे वाटू लागले. गडावर जोखीम आणि पाळण्यात सुरक्षितता! ज्या प्रदेशाचा सारा इतिहास डोंगरांवर, नद्यांच्या काठी आणि सागरात उभा आहे, तेथे डोंगर आणि पाणी वर्ज्य केल्यावर ऐतिहासिक सहल उरते कुठे? ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी वारशातील बारा दुर्गांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत रायगड जिल्ह्यातील रायगड आणि खांदेरी आहेत, आणि लोणावळ्यापलीकडचा लोहगडही. पॅरिसमध्ये झालेल्या त्या निर्णयाचे पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. आता जगाने मान्य केलेल्या या गडांवर आपल्याच मुलांना सुरक्षितपणे कसे नेता येईल, याची नियमावली त्याच उत्साहाने व्हावी.

एवढे सारे पाहून झाल्यावर मुलगा परदेशी निघाला तर त्याला आनंदाने निरोप द्यावा. मात्र त्या सहलीचे नियोजन प्रवास कंपनीच्या हाती सोपवू नये. इटलीला जायचे आहे ना? मग रोम आणि फ्लॉरेन्सच्या मध्ये, उंब्रिया प्रांतात माँटोने नावाचे एक टेकडीवरचे गाव आहे. तेथे जुलै २०२३ मध्ये एका सूर्यघड्याळाच्या रूपाने एक स्मारक उभे राहिले. ते कुणाचे? याच रायगड जिल्ह्यातील, माणगाव तालुक्यातील पळसगावच्या यशवंत घाडगे यांचे. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीतील हा २२ वर्षांचा नाईक १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आपल्या तुकडीसह शत्रूच्या मशीनगनच्या माऱ्यात सापडला. तुकडीतील सारे जण मृत वा जखमी झाले. तो एकटा उठला, धावत गेला, हातबॉम्ब टाकून मशीनगन निकामी केली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे भरायला उसंत नाही असे पाहून बंदुकीची नळी धरून दस्त्यानेच उरलेल्या दोघांना लोळवले. जिंकलेल्या मोर्च्यातच लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी त्याला वीरगती मिळाली. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस त्याला दिला गेला. तो लढला इंग्रजांच्या निशाणाखाली, हे खरे. रायबागनचा प्रश्न येथे निराळ्या रूपात पुन्हा समोर येतो आणि तो मुलांपासून लपवू नये. पण परक्या देशातील एका गावाने माणगावच्या शेतकऱ्याच्या मुलाची आठवण दगडात कोरून ठेवली, आणि माणगावपासून काही तासांच्या अंतरावर राहणारी मुले त्या गावाच्या जवळून वातानुकूलित गाडीने निघून जातात, कारण पत्रकात त्याचे नाव नाही.

फ्रान्सला जायचे तर मार्सेय आहे. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीतून सावरकरांनी ज्या बंदरात उडी घेतली, ते हे बंदर. त्या उडीने हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत प्रश्न गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मार्सेयला पोहोचल्यावर त्या साहसाचे स्मरण केले, तेव्हा अनेक मराठी वृत्तपत्रांना बंदराचे नाव कसे लिहावे याचाच प्रश्न पडला असावा, इतक्या परींनी ते छापले गेले. लंडनला जायचे तर हायगेटमधील क्रॉमवेल अॅव्हेन्यूवरचे ६५ क्रमांकाचे घर आहे. श्यामजी कृष्ण वर्मांनी १९०५ मध्ये स्थापन केलेले हेच ते ‘इंडिया हाउस’. श्यामजींच्या अस्थी जिनिव्हाहून मायदेशी यायला २००३ साल उजाडावे लागले. त्या त्र्याहत्तर वर्षांत जिनिव्हा पाहून आलेल्या भारतीयांची संख्या काही कमी नसेल. इस्रायलचा विचार असेल तर हैफा आहे, जेथे २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या घोडदळांनी भाले सरसावून तोफांवर चाल केली. पूर्वेकडे वळायचे तर कंबोडियात सूर्यवर्मन दुसरा याने बाराव्या शतकात उभारलेले अंकोरवाट आहे. तेथील भिंतीवरचे समुद्रमंथन पाहणाऱ्या कर्जतच्या मुलाला परदेशात आल्यासारखे वाटणार नाही. युरोपपेक्षा हा प्रवास स्वस्तही पडतो, हे मध्यमवर्गीय पालकांना सांगायला हरकत नाही.

खर्चाचा विषय निघाला आहे तर २०२५ मधील पुणे जिल्हा परिषदेच्या उपक्रमाकडे पाहावे. खेड्यांतील शाळांतून परीक्षा घेऊन २५ विद्यार्थी निवडायचे आणि त्यांना सार्वजनिक निधीतून अमेरिकेत नासा दाखवायची, अशी ती योजना. विज्ञानासाठी हे होऊ शकते तर इतिहासासाठी का होऊ नये? रायगड जिल्ह्यातील शाळांतून निबंध आणि क्षेत्र-अभ्यास यांच्या आधारे दहा मुले निवडावीत आणि माँटोनेला १० जुलैला न्यावीत. जिल्ह्यात कारखाने कमी नाहीत. त्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून हे सहज भागेल. त्यात खोपोलीच्या बंगल्यातला मुलगा असेल आणि वाडीवरचाही.

घरचा अहेर शेवटी. परदेशी सहलींवर टीका करणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी अनेकांची मुले त्याच शाळांत आहेत आणि त्याच सहलींना जातात. २ फेब्रुवारीला समरभूमीवर पुष्पचक्र वाहायला, भगवे फेटे बांधून घोषणा द्यायला मंडळी जमतात. फोटो निघतात, दुपारी दोनपर्यंत मैदान रिकामे होते. त्या गर्दीत किती जणांनी खिंडीतून वर कुरवंड्याकडे जाणारी वाट पायी तुडवली आहे? किती स्थानिक शाळांच्या मुख्याध्यापकांची भेट घेऊन आमच्या मुलांना खिंड समजावून सांगायला या, असे विचारले आहे? जयजयकाराला कार्यकर्ते मिळतात, पंचवीस मुलांना हाताशी धरून चार तास चालायला मिळत नाहीत, ही स्थिती कायम असताना प्रवास कंपन्यांना दोष देण्याचा अधिकार अर्धाच उरतो.

दहावीची परीक्षा जवळ असल्याने फेब्रुवारीचा पहिला आठवडा शाळांना अडचणीचा असतो, हे खरे. पाचवी ते आठवीच्या वर्गांना ती अडचण नाही. एस.टी. महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात निम्मी सवलत देते. कर्जत आगारातून प्रासंगिक करारावर गाडी मिळते, अर्ज मात्र बराच आधी करावा लागतो. सकाळी निघालेली गाडी महडच्या वरदविनायकाचे दर्शन घेऊन, खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले तळे दाखवून, उन्हे तापायच्या आत चावणीला पोहोचते. अंबेच्या पात्रात त्या दिवसांत पाणी घोट्याइतकेच असते. डबे तेथेच उघडावेत आणि जेवण झाल्यावर गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला बोलते करावे. खिंडीतली वाट कुठून कुठे जाते, हे त्याला नकाशाशिवाय ठाऊक असते.